बर्फाखालचा समुद्र शोधणारे फ्रित्यॉफ नान्सेन

शाळेतला पृथ्वीचा गोल जरा समोर घ्या. गोलाच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे खिळा असतो ना, तिथे उत्तर ध्रुव आहे. तिथे जमीन नाही. तिथे समुद्र आहे आणि समुद्रावर बर्फ आहे. एकशेतीस वर्षांपूर्वी त्या बर्फाखाली काय आहे हे कुणालाच नीट ठाऊक नव्हते. काहींना वाटायचे तिथे उथळ पाणी आहे. काहींना वाटायचे मोठी जमीन आहे. एवढ्या गारठ्यात खाली काही जगत असेल का, हाही प्रश्नच होता. हे सगळे ज्यांनी स्वतः जाऊन पाहिले ते नॉर्वे देशाचे थोर संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन. आज मी त्यांची माहिती लिहिते.

फ्रित्यॉफचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानिया शहराजवळ झाला. त्या शहराला आता ओस्लो म्हणतात. वडील वकील होते आणि शिस्तीचे होते. आई धाडसी होती. मुलांनी घरात बसून राहू नये, रानात हिंडावे, अंगमेहनत करावी असे तिला वाटे. नॉर्वेत हिवाळ्यात सगळीकडे बर्फ पडतो. तिथली माणसे पायाला लांब लाकडी फळ्या बांधून बर्फावरून घसरत जातात. त्या फळ्यांना स्की म्हणतात. आपल्याकडे पोरं जशी शाळेत चालत येतात तशी तिकडची पोरं स्कीवरून जातात.

फ्रित्यॉफ दहा वर्षांचा होता, म्हणजे माझ्याएवढा. गावाजवळच्या उतारावर मोठी माणसे स्कीवरून लांब उडी मारायची. आईवडिलांनी नको म्हटले होते. ऐकतो कोण! तो गेला आणि त्याने उडी मारली. स्कीची टोके बर्फात घुसली आणि तो पुढे फेकला जाऊन डोक्यावर पडला. मान मोडायची, पण वाचला. पुढे हाच मुलगा नॉर्वेतला नावाजलेला स्कीपटू झाला. एकटाच रानात जाऊन कितीतरी दिवस राहायचा आणि नदीतले मासे धरून खायचा.

आता तो मोठा झाला, म्हणून इथून पुढे मी त्यांना अहोजाहो करते.

कॉलेजात त्यांनी प्राणिशास्त्र हा विषय घेतला. त्या विषयात बाहेर हिंडायला मिळेल असे त्यांना वाटले. १८८२ साली, वय वर्षे वीस, ते वायकिंग नावाच्या जहाजातून ग्रीनलंडकडच्या समुद्रात गेले. ते सील नावाच्या प्राण्याची शिकार करणारे जहाज होते. तिथे जहाज बर्फात अडकले ते कितीतरी दिवस. बाकीचे लोक वैतागले. नान्सेन मात्र पाण्याचे तापमान मोजत बसले. बर्फ समुद्राच्या तळाशी तयार होत नाही, वरच्या पाण्यावर तयार होतो, हे त्यांनी तेव्हा पाहिले.

हे नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो. तांब्यात बर्फाचा खडा टाका, तो तरंगतो. समजा बर्फ जड असता आणि बुडाला असता, तर समुद्र तळापासून भरत भरत वरपर्यंत गोठला असता. मग एक मासा जगला नसता. पण तो वर तरंगतो आणि झाकणासारखा पसरतो. वर हवा उणे ४० अंश झाली तरी त्या झाकणाखालचे खारे पाणी उणे १.८ अंशाच्या खाली जात नाही. म्हणजे बर्फ हे समुद्राचे घोंगडे आहे! माझी आत्या कल्याणच्या बाजारात मासळी विकते. ती रोज बर्फाची लादी फोडून पापलेट, सुरमईवर घालते. आपल्या डोळ्यापुढे बर्फ आणि मेलेले मासे असेच येते. पण तिकडे बर्फाखाली मासे जिवंत असतात, हे ऐकून आत्यालाही खरे वाटेना.

त्याच वर्षी नान्सेन बर्गेन शहरातल्या संग्रहालयात कामाला लागले. तिथे ते सूक्ष्मदर्शकातून समुद्रातल्या लहान प्राण्यांच्या मज्जातंतूंचा अभ्यास करत. ज्यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचे जंतू शोधले ते डॉक्टर हान्सेनही तिथेच काम करत होते. आपल्या बाबा आमटे यांनी आनंदवनात ज्या रोग्यांची सेवा केली त्याच रोगाचे जंतू. १८८८ साली नान्सेन यांना डॉक्टरेट मिळाली. मला वाटते, त्यांचे खरे शिक्षण इथेच झाले. बारीक गोष्ट तासन् तास बघायची आणि कंटाळायचे नाही.

डॉक्टरेट मिळाली आणि ते लगेच ग्रीनलंडला निघाले. ग्रीनलंड हे बर्फाने झाकलेले जगातले सगळ्यात मोठे बेट. ते आडवे कुणीच ओलांडले नव्हते. पश्चिमेला वस्ती होती, पूर्वेला फारशी नव्हती. नान्सेन मुद्दाम पूर्वेकडून निघाले. मागे फिरायला घरच नाही म्हटल्यावर माणूस पुढेच जाणार. एकूण सहा जण होते. ३ ऑक्टोबर १८८८ ला ते पलीकडच्या गावात पोचले. तेवढ्यात शेवटचे जहाज निघून गेले होते. मग हिवाळाभर ते तिथल्या इन्युइट लोकांत राहिले आणि त्यांच्याकडून कयाक वल्हवायला शिकले. कयाक म्हणजे एका माणसाची कातड्याची होडी. ही विद्या पुढे जिवावरच्या प्रसंगी कामी आली.

१८८९ साली त्यांचे लग्न एव्हा सार्स यांच्याशी झाले. एव्हा गायिका होत्या. त्यांचे वडील मायकेल सार्स हे धर्मगुरू होते आणि समुद्रातले प्राणी शोधणारे शास्त्रज्ञही होते. पूर्वी काही विद्वान म्हणत की साधारण साडेपाचशे मीटरच्या खाली समुद्रात कुणीच जगू शकत नाही, कारण तिथे अंधार आणि थंडी. मायकेल सार्स आणि त्यांचा मुलगा गेऑर्ग यांनी त्याहून खोल जाळी सोडून जिवंत प्राणी वर काढले आणि ते म्हणणे खोटे पाडले. असे हे सासर! हा गेऑर्ग मामा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आता मुख्य गोष्ट. १८८१ साली जॅनेट नावाचे अमेरिकेचे जहाज सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी, १८८४ साली, त्याच जहाजावरचे सामान ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सापडले. त्यात एका खलाशाची पाटलोणसुद्धा होती. पाटलोण काही पोहत आली नाही. नान्सेन यांनी विचार केला की ज्या बर्फावर ते सामान होते तो बर्फच समुद्रावरून वाहत वाहत इकडे आला. म्हणजे ध्रुवाजवळचा बर्फ चालतो. मग आपण जहाज मुद्दाम त्या बर्फात अडकवले तर? बर्फच आपल्याला फुकट पलीकडे नेईल!

मोठमोठ्या अनुभवी लोकांनी त्यांना वेड्यात काढले. लंडनला सभा झाली तिथेही बरेच जण विरुद्ध बोलले. हा प्रवास म्हणजे मरायला जाणे आहे असे त्यांना वाटले. त्यांचेही काही चुकले नाही म्हणा, कारण तोपर्यंत जी जहाजे बर्फात अडकली त्यातली कितीतरी मोडली होती.

म्हणून नान्सेन यांनी नवीनच जहाज बांधायला सांगितले. कॉलिन आर्चर नावाच्या कारागिराने ते बांधले. आपल्या कल्याण-भिवंडीलाही शिवाजी महाराजांनी १६५७ च्या सुमारास जहाजे बांधायला घेतली होती, हे आपण इतिहासात शिकलो. पण हे जहाज निराळेच होते. लांबी ३९ मीटर, म्हणजे लोकलचे दोन डबे. बाजू ७० सेंटिमीटरच्या आसपास जाड. आणि खालून गोल, नारळाच्या करवंटीसारखे. का बरे गोल? आंब्याचा ओला बाठा दोन बोटांत जोरात दाबा. तो सटकन वर उडतो. तसेच बर्फाने दोन्ही बाजूंनी दाबले की जहाजाने फुटायचे नाही, वर उचलले जायचे. जहाजाचे नाव ठेवले फ्राम. फ्राम म्हणजे पुढे. १८९२ साली एव्हा यांनीच त्याचे नामकरण केले.

२४ जून १८९३ ला फ्राम निघाले. जहाजावर शेवटी तेरा माणसे होती. पाच वर्षांचे अन्न, भरपूर पुस्तके, विजेचे दिवे लावायला एक पवनचक्की. घरी एव्हा आणि पाच महिन्यांची मुलगी लिव्ह. पत्र नाही, तार नाही. तीन वर्षे एव्हा यांना आपला नवरा जिवंत आहे की नाही हेही कळणार नव्हते. सगळे लोक नान्सेन यांना शूर म्हणतात. मला एव्हाही शूर वाटतात.

सप्टेंबर संपता संपता फ्राम बर्फात घट्ट अडकले. ऑक्टोबरात बर्फ दाबू लागला. कडाड् कडाड् आवाज व्हायचे, ढग गडगडल्यासारखे. पण जहाज बाठ्यासारखे वर उचलले जायचे आणि परत खाली बसायचे. आर्चर जिंकला!

आता काम सुरू झाले. पहिले काम खोली मोजायचे. विहिरीत पाणी किती आहे ते बघायला आपण दोरीला दगड बांधून सोडतो, तसेच. सगळ्यांना वाटत होते समुद्र उथळ असेल, म्हणून दोर फारसा लांब आणलाच नव्हता. दोर संपला पण तळ लागेना. मग त्यांनी जहाजावरची पोलादी तारेची जाड दोरी सोडवली आणि तिच्या तारा एकमेकींना जोडून लांबच लांब तार बनवली. तेव्हा कुठे तळ लागला. साडेतीन हजार मीटरच्या वर! आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवून त्या समुद्रात बुडवली तरी वरच्या देवळावरून पाणी जाईल. उथळ समुद्र म्हणणारे सगळे गप्प झाले. त्यात नान्सेनसुद्धा होते, कारण त्यांनाही आधी उथळच वाटला होता.

दुसरे नवल म्हणजे, वर गार पाणी आणि खाली साधारण २०० मीटरच्या पुढे त्यापेक्षा कोमट पाणी. कोमट म्हणजे आंघोळीचे नव्हे, शून्याच्या जरासे वर. ते दूरच्या अटलांटिक महासागरातून बर्फाखालून वाहत आलेले होते.

तिसरे काम मला सगळ्यात आवडते. बर्फाच्या भोकातून ते बारीक रेशमी जाळे खाली सोडत. वर आले की त्यात जे असेल ते सूक्ष्मदर्शकाखाली. जाळे रिकामे कधी यायचेच नाही म्हणा ना! त्यात तांदळाच्या दाण्याएवढे आणि त्याहून बारीक जीव असायचे, कोळंबीचे लांबचे भाऊबंद. त्यांना कोपेपॉड म्हणतात. हिवाळ्यात तिथे कितीतरी आठवडे सूर्य उगवत नाही. त्या काळोखात जाळे वर ओढले की ते जीव चमकायचे. पावसाळ्याच्या तोंडी आपल्या रानात काजवे चमकतात ना, तसे. वर माणसाचे नाक गोठते आहे आणि खाली काजव्यांचे झाड!

मग हे जीव खातात काय? उन्हाळ्यात बर्फावर पाण्याची डबकी साठली. नान्सेन यांना त्यात हिरवट-तपकिरी गोळे दिसले. त्यांनी ते उचलून पाहिले तर ते शेवाळ निघाले. साधे डोळ्याला न दिसणारे, एकाच पेशीचे. त्यात पुन्हा त्याहून निराळे एकपेशीय प्राणीही फिरत होते. बर्फाच्या खालच्या अंगालाही असे शेवाळ धरते. पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांना धरते तसेच, फक्त इथे ते छताला धरते आणि काही ठिकाणी दोरीसारखे खाली लोंबते. समुद्राचा बर्फ म्हणजे घट्ट काच नाही. त्यात खाऱ्या पाण्याच्या बारीक बारीक नळ्या असतात, जाळीदार घावनासारख्या. त्या नळ्यांतही शेवाळ राहते. वसंतात सूर्य आला की बर्फातून थोडा उजेड खाली झिरपतो. तेवढा त्याला पुरतो.

शेवाळ खातो कोपेपॉड. कोपेपॉडला खातो ध्रुवीय कॉड मासा. हा मासा वीतभर असतो आणि त्याच्या रक्तात असे एक द्रव्य असते की रक्त गोठतच नाही. माशाला खातो सील. सीलला खाते पांढरे अस्वल. म्हणजे एवढे धिप्पाड अस्वल बर्फावर ऐटीत फिरते ते कुणाच्या जिवावर? त्या डोळ्याला न दिसणाऱ्या शेवाळाच्या.

फ्राम बर्फाबरोबर चालत होते, पण गोगलगायीसारखे, आणि कधी कधी मागेही यायचे. ते नेमके ध्रुवावरून जाणार नाही हे नान्सेन यांच्या ध्यानात आले. म्हणून १४ मार्च १८९५ ला ते आणि याल्मार योहानसेन असे दोघेच पायी ध्रुवाकडे निघाले. बरोबर २८ कुत्री, तीन घसरगाड्या आणि दोन कयाक. जहाज हलते, त्यामुळे परत जहाजाकडे यायचे नाही हे ठरलेलेच होते.

बर्फ सपाट नव्हता. नांगरलेल्या शेतासारखा, पण एकेक ढेकूळ घराएवढे. ८ एप्रिलला ते ८६ अंश १४ कलांपर्यंत पोचले. तिथपर्यंत त्याआधी कोणीही गेले नव्हते. ध्रुव अजून चारशे किलोमीटर लांब होता. अन्न मोजकेच उरले होते. नान्सेन मागे वळले. मला हे मोठेपणाचे वाटते. हट्ट केला असता तर दोघे तिथेच राहिले असते आणि फ्रामवरचे काम कुणी सांगितले असते?

कुत्र्यांचे लिहायला वाईट वाटते. अन्न पुरेना म्हणून अशक्त कुत्रे मारून बाकीच्यांना घालावे लागे. शेवटी दोनच उरले, एकेकाचा एकेक लाडका. पुढे पाणी होते, कयाकमध्ये कुत्री नेता येईनात. आपला कुत्रा आपल्या हाताने मारवेना, म्हणून नान्सेन यांनी योहानसेन यांचा मारला आणि त्यांनी नान्सेन यांचा. आमच्या घरी मोती आहे. मी हे दोनदा वाचले नाही.

ऑगस्ट १८९५ मध्ये ते फ्रान्झ योसेफ लँड नावाच्या ओसाड बेटांवर आले. हिवाळा तोंडावर आला. त्यांनी दगड रचून खोपी केली, वर वॉलरसचे कातडे टाकले आणि आत मे महिन्यापर्यंत राहिले. वॉलरस म्हणजे दोन लांब सुळे असलेला मोठा समुद्री प्राणी. खायला काय? सकाळी अस्वलाचे मांस, संध्याकाळी अस्वलाचे मांस. दिव्याला वॉलरसची चरबी. आणि गंमत अशी की दोघांचे वजन कमी नाही झाले, उलट वाढले!

इथे मी विचार करत थांबले. अस्वल जगते सीलवर, सील माशावर, मासा कोपेपॉडवर, कोपेपॉड शेवाळावर. वॉलरस समुद्रतळावरच्या शिंपल्या खातो आणि शिंपल्यांना अन्न मिळते ते वरून पडणाऱ्या कणांचे. म्हणजे नान्सेन यांनी जे शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्याच्याच साखळीने त्यांना त्या खोपीत आठ महिने जगवले. बर्फाखाली खरोखर काही नसते, तर बर्फावरही काही नसते आणि नान्सेन घरी आलेच नसते.

जून १८९६ मध्ये एकदा दोघे टेकडीवर चढले असताना दोरी सुटून दोन्ही कयाक समुद्रात वाहून चालले. बंदूक, अन्न, सगळे त्यात. नान्सेन यांनी कपडे काढले आणि त्या बर्फाच्या पाण्यात उडी मारली. हातपाय लाकडासारखे झाले तरी पोहत राहिले आणि कयाक धरून आणले. पाच दिवसांनी, १७ जूनला, त्यांना कुत्रे भुंकल्याचे ऐकू आले. जॅक्सन नावाचे इंग्रज संशोधक त्याच बेटावर तळ ठोकून होते! तेल आणि काजळीने काळा झालेला, दाढी वाढलेला हा माणूस नान्सेन आहे हे त्यांना आधी ओळखूच आले नाही.

१३ ऑगस्ट १८९६ ला नान्सेन आणि योहानसेन नॉर्वेच्या किनाऱ्याला लागले. आणि योगायोग बघा, त्याच दिवशी तिकडे फ्राम बर्फातून मोकळे झाले. बर्फाने ते खरेच पलीकडे आणून सोडले होते. तेराच्या तेरा माणसे जिवंत परतली.

नान्सेन यांनी गोळा केलेले बाटल्यांतले जीव आता तज्ज्ञांनी वाटून घेतले. कोळंबीच्या जातीचे बारीक प्राणी कुणी तपासले? गेऑर्ग सार्स यांनी, म्हणजे एव्हा यांच्या भावाने. एकपेशीय प्राण्यांवर नान्सेन यांनी स्वतः लिहिले. सगळी माहिती सहा मोठ्या ग्रंथांत छापली गेली. पुढे त्यांनी खोल समुद्रातले पाणी हव्या त्या खोलीवर भरून घेणारी धातूची बाटली बनवली. ती नान्सेन बाटली म्हणून जगभरच्या जहाजांवर कित्येक वर्षे वापरली गेली. फ्राम जहाज त्यांनी आमुंडसेन यांना दिले. ते त्या जहाजाने दक्षिणेला गेले आणि १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचले. नान्सेन यांनाही दक्षिण ध्रुवावर जायचे होते. ते राहूनच गेले. १९०७ साली एव्हा आजारी पडून वारल्या होत्या.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा लाखो कैदी परक्या देशांत अडकले होते. राष्ट्रसंघाने त्यांना घरी पोचवायचे काम नान्सेन यांना दिले. दोन वर्षांत त्यांनी चार लाखांहून जास्त कैद्यांना घरी पोचवले. १९२१ साली रशियात मोठा दुष्काळ पडला तेव्हा धान्यासाठी ते देशोदेशी फिरले. ज्यांचा देशच सुटला, ज्यांच्याजवळ कागद नाही, अशांसाठी त्यांनी १९२२ साली एक ओळखपत्र काढले. त्याला नान्सेन पासपोर्ट म्हणत. त्यावर कितीतरी देश आत येऊ देत. आपल्या कल्याणशेजारी उल्हासनगर आहे. १९४७ ला फाळणी झाली तेव्हा सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९ ला त्या छावणीचे उल्हासनगर झाले. तेव्हा नान्सेन नव्हते. पण घर सुटलेली माणसे कशी असतात हे आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी पाहिलेले आहे. नान्सेन यांना १९२२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते पैसे त्यांनी अशाच लोकांच्या कामाला दिले.

१३ मे १९३० रोजी ते घरीच वारले. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय सण. त्या दिवशी त्यांना निरोप दिला गेला.

बर्फात जाळे सोडायचे काम पुढे चालूच राहिले. त्यात आपणही आहोत. ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून भारताची पहिली तुकडी दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिकाला निघाली. तिसऱ्या तुकडीत १९८३ साली डॉक्टर अदिती पंत गेल्या. त्या नागपूरच्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती हाच त्यांचा विषय. अंटार्क्टिकाला पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय बायकांत त्या एक.

दक्षिणेकडच्या समुद्रात क्रिल नावाचा जीव असतो. तो दिसतो आपल्या जवळ्यासारखा, पण बोटाएवढा. आपण जवळा वांग्यात घालून खातो, तिकडे देवमासे, पेंग्विन आणि सील क्रिल खातात. क्रिलची पिल्ले हिवाळ्यात बर्फाच्या खालच्या बाजूचे शेवाळ खरवडून जगतात. तिथे एक हिममासा आहे, त्याचे रक्त लाल नाही, पाण्यासारखे आहे. २०२१ साली एका जर्मन जहाजाने वेडेल समुद्रात बर्फाखाली कॅमेरा ओढत नेला. तळावर हिममाशांची घरटीच घरटी दिसली. हिशेब केला तर सुमारे सहा कोटी! बऱ्याच घरट्यांत एकेक मासा अंड्यांची राखण करत बसला होता. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटी होती. म्हणजे निम्म्या महाराष्ट्राला एकेक घरटे.

२००८ पासून उत्तर ध्रुवाकडेही भारताचे हिमाद्री नावाचे केंद्र आहे. २०१४ साली आपल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या खाडीत पाण्याखाली यंत्रे बसवली. ती वर्षभर पाण्याचे तापमान आणि खारटपणा मोजतात.

मोजायचे कारण आहे. १९८० साली सप्टेंबरात उत्तर ध्रुवाकडचा बर्फ ७५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास होता. २०१२ साली सप्टेंबरात तो ३४ लाखांवर आला. म्हणजे तेरा महाराष्ट्र मावतील एवढा बर्फ कमी. बर्फ लवकर वितळला की शेवाळाचे छत जाते. शेवाळ तळाला जाऊन पडते आणि कोपेपॉडच्या पिल्लांना वेळेवर खायला मिळत नाही. मग पुढची सगळी रांग उपाशी, अगदी अस्वलापर्यंत.

२००६ साली तारा नावाची फ्रान्सची एक नौका नान्सेन यांच्यासारखीच मुद्दाम बर्फात अडकून निघाली. तीही खालून गोल होती. जागा साधारण तीच, वाट साधारण तीच. फ्रामला पलीकडे जायला जवळजवळ तीन वर्षे लागली होती. ताराने ते ५०७ दिवसांत केले. तारा हलत होती ती बर्फाबरोबरच, पण आता बर्फ पातळ झाला होता आणि वारा त्याला भराभर ढकलत होता.